हातातल्या पत्त्यांची जिंकायची शक्यता किती? मोबाइलवर स्वतः काढून बघा, पण माझी चूक करू नका

गौरीपूजनाची रात्र, १ सप्टेंबर २०२५. आमच्या बेगडेवाडीच्या घरी जागरणाला पत्ते बसले होते. तीन पत्ती, सहा जण, पैशांच्या जागी चिंचोके. काकांना जोडी आली की ते कधीच पॅक करत नाहीत. "जोडी आली की उठायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या रात्री त्याच वाक्याच्या जोरावर ते वाटीभर चिंचोके हरले.

मी हसत होतो. तेवढ्यात माझ्या चुलत भावानं त्याचा मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर हिरवा-पिवळा-लाल असा एक तक्ता. "दादा, हा तुझाच ना?"

माझाच होता. २०२३ मध्ये लोकलमध्ये बसून बनवलेला. पोकरमध्ये सुरुवातीला कोणते दोन पत्ते आले तर जिंकायची शक्यता किती टक्के, असा तो तक्ता. मी तेव्हा हौसेनं त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि विसरून गेलो होतो. तो विसरला नव्हता. त्या तक्त्यातले हिरवे हात बघून त्यानं एका अ‍ॅपवर पैसे लावले आणि साडेअठरा हजार रुपये घालवले. हॉस्टेलच्या डिपॉझिटचे पैसे. घरी काही सांगितलं नाही, सुट्टीत काम करून भरले.

हा लेख त्याला विचारूनच लिहितोय. त्यानं एकच अट घातली, "आकडे कसे काढायचे ते पण सांग, नुसतं खेळू नका असं सांगू नकोस." बरोबर आहे त्याचं. तर दोन्ही सांगतो: असा आकडा कसा काढतात, आणि माझा आकडा कुठे फसला.

आधी तीन पत्ती, कारण ती कागदावर मोजता येते

तीन पत्तीत तीनच पत्ते मिळतात आणि नंतर काही बदलत नाही. त्यामुळे इथे अंदाज लावायची गरजच नाही, सरळ मोजता येतं. ५२ पत्त्यांतून ३ पत्ते किती प्रकारे येऊ शकतात? ५२ × ५१ × ५० भागिले ६, म्हणजे २२,१००. (६ ने भागायचं, कारण तेच तीन पत्ते सहा वेगवेगळ्या क्रमानं येऊ शकतात आणि आपल्याला क्रमाशी देणंघेणं नाही.) या २२,१०० ची वाटणी अशी:

ट्रेल (तिन्ही सारखे): ५२
प्युअर सिक्वेन्स: ४८
सिक्वेन्स: ७२०
कलर: १,०९६
जोडी: ३,७४४
यातलं काहीच नाही: १६,४४०

शेवटची ओळ नीट बघा. दर चार हातांतले जवळपास तीन हात 'काहीच नाही' असे असतात. म्हणून दुर्रीची जोडीसुद्धा, म्हणजे सगळ्यात हलकी जोडी, समोरच्या एका माणसाला ७४ टक्के वेळा हरवते. आणि अजून एक गंमत: हातात एक्का आहे आणि बाकी दोन पत्ते कचरा आहेत, तरी तो हात २२,१०० पैकी १२,६०० हातांच्या वर असतो, म्हणजे ५७ टक्के. अगदी मधला हात कोणता विचाराल तर राजा आणि दोन फालतू पत्ते. आपल्याला वाटतं त्यापेक्षा मधला हात खूप गरीब असतो.

म्हणजे काका बरोबर? अर्धे.

७४ टक्के हा आकडा समोर एकच माणूस असेल तर. आमच्याकडे समोर पाच जण होते, आणि जिंकायचं तर पाचही जण तुमच्या खाली असायला हवेत. पहिला खाली असण्याची शक्यता ०.७४४, दुसराही खाली असण्याची ०.७४४ गुणिले ०.७४४, असं पाच वेळा गुणा. उत्तर येतं ०.२३ च्या आसपास. (एकाच कॅटमधले पत्ते असल्यामुळे खरा आकडा किंचित हलतो, पण चित्र बदलत नाही.) अठ्ठीची जोडी घेतली तर एकासमोर ८२ टक्के, पाचांसमोर ३७-३८ टक्के.

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. २३ टक्के म्हणजे वाईट हात का? नाही. सहा जणांत प्रत्येकाचा सरासरी वाटा सहात एक, म्हणजे १६.७ टक्के. २३ टक्के त्याच्या वर आहे, म्हणजे हात चांगलाच आहे. पण चांगला असूनही तो चारातले तीन डाव हरणार. 'चांगला हात' आणि 'बहुतेक वेळा जिंकणारा हात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोर माणसं वाढली की त्या एकमेकांपासून लांब जातात.

समोरचा अजून बसलाय, म्हणजे त्यानं काहीतरी बघितलंय

आता खरी मेख. वरचं सगळं गणित असं मानून चाललंय की समोरच्याकडे २२,१०० पैकी कुठलाही हात असू शकतो. तो ब्लाइंड खेळत असेल, त्यानं पत्ते बघितलेच नसतील, तर हे ठीक आहे. पण त्यानं पत्ते बघितले, आणि बघूनही चाल वाढवली तर?

आमच्या आत्याबाई जोडीच्या खाली काही असेल तर पत्ते खाली टाकतात. सगळ्या घराला माहीत आहे. म्हणजे आत्या पत्ते बघून चाल देत असतील तर त्यांचा हात २२,१०० मधला कुठलाही नाही. तो जोडी किंवा वरच्या ५,६६० हातांमधला आहे. या ५,६६० पैकी अठ्ठीच्या जोडीच्या खाली किती? दुर्रीपासून सत्तीपर्यंतच्या सहा जोड्या, प्रत्येकीचे २८८ प्रकार, एकूण १,७२८. भागाकार करा: साधारण ३० टक्के.

तीच अठ्ठीची जोडी, तोच माणूस समोर. ८२ टक्क्यांवरून ३० वर. पत्ते बदलले नाहीत, फक्त समोरच्यानं पत्ते बघून बसायचं ठरवलं एवढंच. माझ्या तक्त्यात नेमकी हीच गोष्ट नव्हती. पण त्याआधी तो तक्ता कसा बनवला ते सांगतो, कारण पोकरचं प्रकरण हातानं मोजण्यापलीकडे जातं.

पोकर: शितावरून भाताची परीक्षा

पोकरचा सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, नंतर मध्ये पाच पत्ते उघडतात, आणि आपले दोन अधिक मधले पाच अशा सातांतून ज्याचे पाच पत्ते सगळ्यात भारी तो जिंकतो. तीन पत्तीशी नातं जवळचं आहे, पण एक मोठा फरक: इथे सुरुवातीचे पत्ते म्हणजे शेवटचा हात नाही. पुढे पाच पत्ते उघडायचे आहेत.

सुरुवातीचे दोन पत्ते १,३२६ प्रकारे येऊ शकतात. इस्पिकचा एक्का-राजा आणि बदामचा एक्का-राजा यांत सुरुवातीला फरक नसतो, त्यामुळे असे सारखे हात एकत्र केले की १६९ जाती उरतात. यातली एक जात धरा, समोर एक माणूस धरा. त्याचे दोन पत्ते १,२२५ प्रकारे येऊ शकतात आणि मधले पाच पत्ते १७,१२,३०४ प्रकारे. गुणाकार केला की जवळपास २१० कोटी शक्यता. माझा पायथनमधला साधा प्रोग्रॅम सेकंदाला वीस हजार डाव तपासत होता. त्या वेगानं एका जातीला एक दिवसाहून जास्त वेळ लागतो. हे एका माणसासमोर. समोर पाच जण घेतले तर विषयच संपला.

मग काय करायचं? भात शिजला का बघायला आपण पातेल्यातलं प्रत्येक शीत दाबून बघत नाही. दोन-चार शितं बघतो. इथेही तेच. सगळ्या शक्यता मोजण्याऐवजी हजारो डाव खोटे खोटे खेळायचे आणि किती जिंकलो ते मोजायचं. याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात, आणि तिचा जन्मच पत्त्यांतून झालाय. स्टॅनिस्लॉ उलाम हे गणिती १९४६ मध्ये आजारपणातून उठत होते. वेळ जायला ते एकट्यानं खेळायचा पत्त्यांचा डाव लावत. हा डाव सुटण्याची शक्यता किती, हे सूत्रानं काढायचा प्रयत्न केला, जमेना. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की शंभर डाव लावून मोजलं तर? मग जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत ती कल्पना थेट अणूंच्या हिशेबाला आणि सुरुवातीच्या कॉम्प्युटरवर गेली. मॉन्टे कार्लो हे नाव सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवलं, कारण उलाम यांचे एक काका जुगाराला मॉन्टे कार्लोला जायला नातेवाइकांकडून पैसे उसने घ्यायचे म्हणे. १९४९ मध्ये उलाम आणि मेट्रोपोलिस यांचा या पद्धतीवरचा शोधनिबंध आला.

तुमच्या अँड्रॉइड मोबाइलवर पायड्रॉइड किंवा टर्मक्स टाकलं की हे बसल्या जागी करता येतं. मी शिवाजीनगरला लोकल पकडून लिहायला बसायचो आणि देहूरोड गेलं की मोबाइल खिशात, कारण पुढचं स्टेशन आपलं. चार-पाच संध्याकाळींत झालं. प्रोग्रॅम काय करतो ते साध्या शब्दांत: ५२ पत्त्यांची यादी बनवतो. त्यातून आपले दोन पत्ते काढून बाजूला ठेवतो. उरलेले ५० पिसतो. वरचे दोन समोरच्याला देतो, पुढचे पाच मध्ये मांडतो. दोघांचा हात तपासतो. आपण जिंकलो तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा, हरलो तर शून्य. हे सगळं पुन्हा पुन्हा. शेवटी एकूण गुण भागिले एकूण डाव. झालं. सगळ्यात जास्त डोकेदुखी 'हात तपासतो' या भागात आहे. फ्लश, स्ट्रेट, दोन जोड्या, बरोबरी झाली तर पुढचा पत्ता... हा भाग आधी कागदावर लिहून मगच टाइप करा, नाहीतर माझ्यासारखं एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा स्ट्रेट धरायचाच राहून जाईल.

पिसणं वाटतं तितकं सोपं नाही

भात नीट हलवला नसेल तर वरचं शीत बघून काही कळत नाही. पत्ते नीट पिसले नाहीत तर लाख डाव खेळूनही आकडा चुकीचाच येणार.

मी कॉलेजमध्ये असताना पिसायचा कोड असा लिहायचो: पहिल्या पत्त्याची ५२ पैकी कुठल्याही पत्त्याशी अदलाबदल, मग दुसऱ्याची ५२ पैकी कुठल्याही पत्त्याशी, असं शेवटपर्यंत. बरोबर वाटतं ना? तीन पत्त्यांवर करून बघा. तीन वेळा तीन-तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा. पण तीन पत्त्यांचे क्रम फक्त ६. २७ ला ६ नं भाग जात नाही, म्हणजे सगळे क्रम सारख्या वेळा येणं शक्यच नाही. काही क्रम ४ वाटांनी येतात, काही ५ वाटांनी. योग्य पद्धत फिशर आणि येट्स यांच्या नावानं ओळखली जाते: पहिल्या जागेसाठी ५२ मधून निवड, दुसऱ्या जागेसाठी उरलेल्या ५१ मधून, तिसऱ्यासाठी ५० मधून. पायथनमधलं पिसण्याचं तयार फंक्शन हेच करतं, तेच वापरा.

हे पुस्तकी वाटत असेल तर एक खरा किस्सा. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही सुरक्षा इंजिनिअरांनी एका ऑनलाइन पोकर साइटचा पिसायचा कोड वाचला. साइटनं तो विश्वास वाटावा म्हणून स्वतःच जाहीर केला होता. ५२ पत्त्यांचे एकूण क्रम म्हणजे ६८ अंकी संख्या. पण तो प्रोग्रॅम पत्ते पिसायला सुरुवात करताना फक्त मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले एवढाच आकडा घेत होता, म्हणजे दिवसाला जास्तीत जास्त ८ कोटी ६४ लाख वेगळे क्रम. घड्याळ सर्व्हरशी जुळवलं की उरले दोन लाखांच्या आसपास. हातातले आणि मध्ये उघडलेले पत्ते बघून त्या दोन लाखांतला नेमका क्रम त्यांच्या प्रोग्रॅमला ओळखता येत होता, आणि मग सगळ्यांचे पत्ते उघडे.

माझ्या तक्त्यातल्या तीन चुका

आता आरोपीच्या पिंजऱ्यात मी.

माझ्या भावाचा आवडता हात होता एक्का-सत्ती, वेगवेगळ्या रंगांचा. माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे ६२ लिहिलं होतं आणि चौकोन हिरवागार. मी ५५ च्या वर हिरवा, ४५ ते ५५ पिवळा, खाली लाल असं ठेवलं होतं.

पहिली चूक तशी किरकोळ. मी प्रत्येक जातीचे फक्त हजार डाव खेळवले होते, कारण बॅटरी आणि लोकल दोन्ही संपायला यायच्या. नमुन्यातून काढलेला आकडा थोडा इकडेतिकडे असतोच. किती, ते काढायचं सूत्र: शक्यता गुणिले (१ वजा शक्यता), भागिले डावांची संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. हजार डावांना ते दीड टक्क्याच्या वर येतं, आणि खरा आकडा साधारण त्याच्या दुप्पट अंतरात असतो असं धरायचं. म्हणजे तीन टक्के इकडे किंवा तिकडे. एक्का-सत्तीचा खरा आकडा ५९ च्या आसपास आहे, माझा ६२ आला. दहा हजार डाव केले तर फरक एका टक्क्यावर येतो, दहा लाख केले तर एका टक्क्याच्या दहाव्या भागावर. लक्षात घ्या, अचूकता दहापट हवी तर डाव शंभरपट लागतात. माझ्या त्या जुन्या तक्त्यात काही हलके हात भारी हातांच्या वर गेले होते, तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, कारण तक्ता दिसायला छान झाला होता.

दुसरी चूक मोठी. तक्ता समोर एकच माणूस धरून होता, आणि हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. भाऊ सहा जणांच्या टेबलावर बसायचा. फरक किती पडतो ते सगळ्यात भारी हातावरूनच बघा: दोन एक्के. समोर एक जण असेल तर जिंकायची शक्यता ८५ टक्के. पाच जण शेवटपर्यंत थांबले तर ४९. नऊ जण असतील तर ३१. दोन एक्के, आणि तरी दहातले सात डाव जातात! एक्का-सत्ती पाच जणांसमोर वीस टक्क्यांच्या आसपास येतो. वाट्याच्या १६.७ पेक्षा जास्त, पण ६२ कुठे आणि २० कुठे.

एक बाजूची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. पोकरवाले सत्ती-दुर्री या हाताला सगळ्यात वाईट म्हणतात. पण एकाच माणसासमोर बघितलं तर वेगळ्या रंगाची तिर्री-दुर्री त्याच्याही खाली आहे: ३२ टक्के विरुद्ध जवळपास ३५. सगळ्यात वाईट हात कोणता, हे उत्तरसुद्धा समोर किती जण आहेत त्यावर ठरतं. आणि हातांचा सरळ क्रम लावताच येत नाही. दुर्रीची जोडी एक्का-राजाच्या (वेगळे रंग) किंचित पुढे, एक्का-राजा एका रंगाच्या गुलाम-दश्शीच्या बराच पुढे, आणि तीच गुलाम-दश्शी दुर्रीच्या जोडीच्या पुढे. दगड-कागद-कात्री. माझ्या एका ओळीत लावलेल्या रंगीत तक्त्यात हे मावणारच नव्हतं.

तिसरी चूक म्हणजे वर आत्याबाईंची सांगितली तीच. माझा प्रोग्रॅम समोरच्याला पिसलेल्या कॅटमधले कुठलेही दोन पत्ते द्यायचा, आणि तो समोरचा कधीच पत्ते टाकायचा नाही. पैसे लावलेला माणूस असा वागत नाही. वाईट पत्ते आले की तो टाकतो. उरतात ते चांगले पत्तेवाले.

गौरीच्या रात्रीनंतर दोन दिवसांनी मी प्रोग्रॅम पुन्हा उघडला आणि समोरच्याला फक्त निवडक हात दिले: सत्तीच्या जोडीपासून वरच्या जोड्या, एक्क्यासोबत गुलाम, राणी किंवा राजा, आणि राजा-राणी. जोरात बोली लावणाऱ्या सावध माणसाकडे साधारण असेच हात असतात. एक्का-सत्तीचा आकडा ५९ वरून एकतृतीयांशाच्या आसपास आला. कारण उघड आहे. समोरच्याकडेही एक्का असेल तर त्याचा दुसरा पत्ता आपल्या सत्तीपेक्षा मोठा, आपल्याला एक्का लागून उपयोग नाही. समोर जोडी असेल तर आपल्याला काहीतरी लागावंच लागतं. एका माणसासमोरसुद्धा हा हात लाल होता. मी तो हिरवा रंगवून दिला होता.

आता कोणी म्हणेल, हे सगळं बरोबर काढून दिलं असतं तर तो जिंकला असता का? मला नाही वाटत, आणि त्याचं कारण पत्त्यांत नाही. टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. समजा दोघांनी शंभर-शंभर लावले आणि मधल्या दोनशेतून पाच टक्के, म्हणजे दहा रुपये, कापले गेले. जिंकणाऱ्याला १९०. आता नुसतं ना नफा ना तोटा राहायलाही ५२.६ टक्के वेळा जिंकावं लागतं, ५० नाही. सगळे खेळाडू सारख्याच ताकदीचे असतील तर सगळे हळूहळू हरतात. गोव्यात मांडवीवर उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींचे दिवे कशावर चालतात असं वाटतं तुम्हाला?

भाऊ वापरत होता ते अ‍ॅप आता पैशांवर चालत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पाच दिवसांनी गणपती बसले. त्यात नशिबाचा खेळ की कौशल्याचा, असा भेद ठेवलेला नाही. आपल्याकडे प्रत्यक्ष जुगारावरचा राज्याचा कायदा तर १८८७ चा आहे. गौरीच्या रात्री भावानं विषय काढला तो त्यामुळेच. अ‍ॅपमध्ये उरलेले दोनशे चाळीस रुपये परत आल्याचा मेसेज त्याला आला होता, आणि जुने स्क्रीनशॉट चाळताना माझा तक्ता सापडला. तो रागावलेला नव्हता. मलाच कसंतरी झालं. ऑफिसमध्ये एखादा आकडा दाखवताना तो कशाच्या आधारावर आहे हे लिहायला आम्ही ज्युनियरना दहा वेळा सांगतो, आणि घरच्या माणसाला मी रंगीत चौकोन पाठवून मोकळा झालो होतो.

प्रोग्रॅममध्ये मी दोन बदल केलेत. रंग काढून टाकले. आणि पत्ते टाकल्यावर आता लगेच आकडा येत नाही, आधी दोन प्रश्न येतात: समोर किती जण, आणि ते कोणते पत्ते ठेवतात. दुसऱ्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आकड्यासोबत किती डाव खेळवले आणि फरक किती असू शकतो तेही छापून येतं. तुम्ही स्वतः लिहिणार असाल तर सुरुवात तीन पत्तीपासून करा. तिथे खरं उत्तर कागदावर काढता येतं, त्यामुळे प्रोग्रॅम चुकतोय का ते लगेच पकडता येतं. दहा लाख हात वाटा, जोड्या मोजा. सतरा टक्क्यांच्या जवळ (३,७४४ भागिले २२,१००, म्हणजे १६.९) आल्या नाहीत तर चूक शोधा.

नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा भावानंच चालवला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, चिंचोक्यांची वाटी बाजूला ठेवून. एक्का-सत्ती टाकलं. समोर किती जण? पाच. ते कोणते पत्ते ठेवतात?

तो थांबला. मग म्हणाला, "दादा, त्या अ‍ॅपवर मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. काय लिहू इथे?"

काका मागून म्हणाले, "पत्ते वाट रे."